बिघाडाची रीत : मेळघाटच्या वाटेवर गाडीचा भरवसा

वऱ्हाडात आडवाटेच्या भटकंतीसाठी गाडी घ्यायची म्हटली की ‘भरवशाची गाडी कोणती’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा एखाद्या कंपनीचे नाव घेऊन दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. भरवसा हा रंगासारखा किंवा वजनासारखा गाडीच्या अंगी कायमचा असलेला गुण नव्हे. गाडी, रस्ता, मिस्त्री आणि चालवणारा या चौघांच्या संबंधातून तो ठरतो आणि चौघांपैकी एक बदलला तरी कालपर्यंत बिनतक्रार चाललेली गाडी आज दगा देते. अमरावतीहून परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारा किंवा अकोल्याहून अकोट, पोपटखेडमार्गे शहानूरला पोहोचून नरनाळ्याकडे वळणारा प्रवासी डोंगरात शिरताच मिस्त्रीपासून आणि पुष्कळ ठिकाणी मोबाइलच्या रेंजपासूनही दूर जातो. म्हणून या प्रदेशासाठी गाडी निवडताना ती किती वेळा बिघडते यापेक्षा ती कशी बिघडते, बिघडण्याआधी काही सूचना देते का, आणि बिघडल्यावरही स्वतःच्या चाकांवर परतवाड्यापर्यंत किंवा अकोटपर्यंत येऊ शकते का, याला अधिक वजन दिले पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अभियांत्रिकीत विश्वासार्हतेची व्याख्या अशी केली जाते : ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळापर्यंत, ठरलेले काम न बिघडता करत राहण्याची संभाव्यता. या व्याख्येतला ‘ठरावीक परिस्थितीत’ हा शब्द बाजारात गाडी पाहताना सर्वांत आधी विसरला जातो. शिवाय बोलण्याच्या ओघात विश्वासार्हतेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक टिकाऊपणा, म्हणजे गाडी एकूण किती वर्षे वापरात राहते. आणि दुसरी दुरुस्तीसुलभता, म्हणजे बिघडल्यावर ती किती लवकर, किती कमी साधनांनी आणि किती साध्या कारागिराकडून पुन्हा चालू होते. हे तीन गुण एकाच यंत्रात एकत्र नांदतीलच असे नाही, आणि याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडच्याच मातीत आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गावर धावणाऱ्या, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून जिव्हाळ्याने ओळखलेल्या गाडीला १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत ओढत होते. सत्तर वर्षांचे हे आयुष्य टिकाऊपणाचे लखलखीत प्रमाण आहे, पण ते न बिघडण्याचे प्रमाण नाही. वाफेच्या इंजिनाला रोज पाणी, कोळसा, वंगण आणि राख काढणे लागते, ठरावीक मुदतीने बॉयलर धुवावा लागतो, आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा, हातोडा-पान्याने सुटणारा आणि लेथवर पुन्हा घडवता येणारा असतो. ते इंजिन टिकले याचे कारण त्याच्यामागे रोज त्याची देखभाल करणारी माणसे उभी होती. पर्यटकाची गाडी मात्र आठवडाभर दारात उभी असते आणि शनिवारी पहाटे एकदम डोंगरात नेली जाते. तिच्यामागे असा कोणी उभा नसतो. त्यामुळे ‘तीस वर्षे झाली, अजून चालते आहे’ हा जुन्या जीपबद्दलचा दाखला ऐकताना तिच्यावर त्या तीस वर्षांत किती हात फिरले आणि तिच्याच वयाच्या किती जीपा केव्हाच भंगारात गेल्या, हे विचारायला हवे. उरलेल्यांकडे पाहून गेलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही.

आता परिस्थितीकडे वळावे, कारण वऱ्हाडची परिस्थिती एक नसून निदान तीन आहेत. अमरावती आणि अकोला यांच्यामधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ हा त्यांतला पहिला प्रकार. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याची नोंद गिनेस बुकात झाली. अशा रस्त्यावर आजची जवळपास कोणतीही गाडी भरवशाची ठरते, आणि म्हणूनच या रस्त्यावरच्या अनुभवाला निवडीत फारसे स्थान देता येत नाही. दुसरा प्रकार काळ्या कन्हार जमिनीतल्या पांदण रस्त्यांचा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, कारण तिच्यातल्या चिकणमातीच्या खनिजाचे थर पाणी आत घेऊन एकमेकांपासून दूर सरकतात. पावसाळ्यात ती टायरच्या खाचांत आणि चाकावरच्या पत्र्याच्या पोकळीत अशी भरते की टायर गुळगुळीत रूळ होऊन जाते. पर्यटकाला हे घसरणे दिसते. त्याला न दिसणारा भाग नंतर घडतो. चाकाच्या आतल्या बाजूला बसलेला चिखल वाळून विटेसारखा कडक होतो, चाकाचा तोल जातो, आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. ही थरथर तशीच चालू दिली तर स्टिअरिंगचे सांधे आणि चाकाचे बेअरिंग यांवरचा भार वाढत जातो. पुढे कधीतरी बेअरिंग आवाज करू लागते तेव्हा दोष गाडीच्या कंपनीला दिला जातो; खरे कारण जुलैत न धुतलेला चिखल असतो.

तिसरा प्रकार घाटाचा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे आणि परतवाड्याच्या सपाटीवरून तिथवरची चढण इंजिनाला, तर उतरण ब्रेकला तपासते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते आत उकळले की पेडल पायाखाली पोकळ लागते. म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदलणे हा खर्च घाट उतरणाऱ्याने टाळू नये. या सर्वांवर उन्हाळा आहेच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि रबर, बॅटरी व कूलंट या तिन्ही गोष्टी उष्णतेने लवकर झिजतात. शिशाच्या बॅटरीबाबत ठोकताळा असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यात पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची भर पडते. इथल्या विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी खारट आहे. इंजिन तापले म्हणून वाटेतल्या गावचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर त्यातले क्षार आतून थर धरतात आणि आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला बारीक छिद्रे पाडतात. रेडिएटरचे झाकण थंड असताना उघडून पाहिले आणि तोंडाशी पांढुरका खर किंवा गंजकट गाळ दिसला, वरचा होज पाईप क्लिपपाशी दाबला आणि तो मऊ न लागता कडकडीत लागून त्यावर केसासारख्या चिरा उमटल्या, तर ती गाडी कोणत्याही कंपनीची असो, मेळघाटात नेण्याजोगी नाही. या दोन मिनिटांच्या पाहणीला जितके महत्त्व आहे तितके शोरूममधल्या माहितीपत्रकाला नाही.

विश्वासार्हतेची आकडेवारी याबाबतीत थोडीच मदत करते, आणि तिच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या प्रसिद्ध पाहणीत तीन वर्षे वापरलेल्या दर शंभर गाड्यांमागे मालकांनी किती तक्रारी सांगितल्या हे मोजले जाते. या मोजणीत फोन गाडीच्या पडद्याशी न जोडला जाणे हीही एक तक्रार आणि गिअर बॉक्स बंद पडणे हीही एकच तक्रार. अलीकडच्या वर्षांत अशा तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा पडदा, आवाज आणि जोडणी यांचा असल्याने यादीत खाली गेलेली गाडी जंगलात अधिक वेळा अडकेल असा निष्कर्ष निघत नाही. जर्मनीतल्या एडीएसी या मोटार संघटनेची पद्धत आडवाटेच्या प्रवाशाला अधिक उपयोगी आहे, कारण ती मत विचारत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांकडे तिचे मिस्त्री प्रत्यक्ष जातात आणि कारण नोंदवतात. तिच्या नोंदींत चाळीस टक्क्यांहून अधिक प्रसंग बॅटरीचे निघतात. जर्मनीतला अनुभव वऱ्हाडला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तिथे बॅटरीला थंडी छळते, इथे ऊन. तरीही त्यातून निघणारी गोष्ट मोलाची आहे : माणूस रस्त्यात अडकतो तो बहुतेक वेळा इंजिनाच्या थोरवीमुळे किंवा कमीपणामुळे नव्हे, तर काही हजार रुपयांच्या, वेळेवर बदलता येण्याजोग्या वस्तूमुळे.

गाडी हे साखळीसारखे यंत्र आहे, म्हणजे त्यातले बरेचसे भाग असे असतात की एक थांबला की सगळे थांबते. अशा साखळीत प्रत्येक कडीचा भरवसा एकमेकांशी गुणला जातो. शंभर आवश्यक भाग आहेत आणि प्रत्येकाचा एका सहलीपुरता भरवसा ९९ टक्के आहे असे धरले, तर सगळी गाडी बिनबिघाड परतण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच उरते. प्रत्येक भागाचा भरवसा ९९.९ टक्के केला तर ती ९० टक्क्यांवर जाते. हे आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत, परंतु त्यांतून फोर बाय फोरच्या मोहाकडे नीट पाहता येते. चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा घेतली की ट्रान्स्फर केस, पुढचे डिफरन्शिअल, जोडदांडे आणि त्यांचे रबरी बूट अशा कड्या वाढतात. त्या कड्या गाडीचा पोहोचण्याचा पल्ला वाढवतात, पण भरवसा थोडा कमी करतात. सेमाडोह, कोलकास, चिखलदरा आणि शहानूर एवढीच भटकंती करणाऱ्याला, आणि तीही ऑक्टोबर ते मे या काळात, उंच बांध्याची, चांगल्या टायरची, दोनच चाकांना जोर देणारी गाडी पुरते. व्याघ्र प्रकल्पात आखून दिलेला रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाईच आहे, आणि ती योग्य आहे. ज्याचे शेत किंवा काम भर पावसात पांदणीच्या टोकाशी आहे त्याने मात्र फोर बाय फोर जरूर घ्यावी, आणि घेतल्यावर ती महिन्यातून एकदा तरी मातीच्या वाटेवर चालवून पाहावी, कारण वर्षभर न वापरलेली यंत्रणा गरजेच्या क्षणी गुंतत नाही. कोरड्या डांबरावर मात्र ती लावू नये, कारण साध्या प्रकारच्या फोर बाय फोरमध्ये वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि त्याचा पीळ यंत्रणेवर बसतो.

याहून अवघड प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, आणि तो मेळघाटात सर्वांत तीव्रतेने उभा राहतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषण-मानकांमुळे डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी बसवावी लागली. ही जाळी भरत जाते आणि तिच्यातली काजळी सुमारे सहाशे अंशांच्या उष्णतेने जाळून ती मोकळी करावी लागते. त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालणे जरूर असते. जंगलातल्या वाटेवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत, थांबत-थांबत दिवसभर फिरणाऱ्या गाडीला ती उष्णता मिळत नाही. मग आधी दिवा लागतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर संगणक इंजिनाचा जोर कापून गाडीला रखडत चालण्याच्या अवस्थेत टाकतो. मेळघाटातून परतताना परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत आणि पुढे महामार्गावर अर्धा-पाऊण तास न थांबता गाडी चालवली तर हा दिवा बहुधा आपणहून विझतो. ज्याची सगळी भटकंती घरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या पांदणींत होते, त्याने डिझेलऐवजी पेट्रोलचा विचार करणे अधिक शहाणपणाचे, मग पेट्रोलचा खर्च थोडा जास्त का होईना.

यावरून ‘सेन्सर नसलेली जुनी गाडीच बरी’ असा सरसकट निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मान्य करता येत नाही. कार्बोरेटर आणि पॉइंटच्या जमान्यातल्या गाड्या थंडीत चोक मागत, घाटात गुदमरत आणि पावसात डिस्ट्रिब्युटरला ओल लागली की थांबत. आजचे इंजेक्शन त्या मानाने फारच क्वचित बिघडते. फरक आहे तो बिघडण्याच्या रीतीत. जुने यंत्र वारंवार, थोडे-थोडे, आवाज करत, वास सोडत बिघडत असे, आणि तार, रबराचा तुकडा व पाना एवढ्यावर ते घरापर्यंत येई. नवे यंत्र वर्षानुवर्षे गप्प चालते आणि एखाद्या सेन्सरची तार उंदराने कुरतडली की एकाच क्षणी पूर्ण थांबते. त्यातला दोष वाचायला संगणक लागतो आणि तो संगणक सेमाडोहला नसतो. समजा, एक गाडी दर वीस हजार किलोमीटरला एकदा बिघडते पण परतवाड्याच्या गॅरेजात दोन तासांत चालू होते, आणि दुसरी साठ हजार किलोमीटरला एकदाच बिघडते पण तिचा भाग पुण्याहून यायला दहा दिवस लागतात. पाहणीच्या यादीत दुसरी गाडी तिप्पट भरवशाची ठरेल; वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र पहिली तीन वर्षांत सहा तास आणि दुसरी दहा दिवस घरी बसवेल. शहरातल्या नोकरदाराने दुसरी घ्यावी, कारण त्याचा बिघाड वर्कशॉपच्या जवळ होईल. ज्याचा बिघाड घटांगच्या वळणावर होणार आहे त्याने पहिलीचा विचार करावा.

परतवाडा–धारणी रस्त्यावर आणि एकूण विदर्भात प्रवासी वाहतूक करणाऱ्या काळीपिवळी गाड्यांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. ट्रॅक्स, बोलेरोसारख्या गाड्या क्षमतेपेक्षा जास्त ओझे घेऊन या वाटांवर वर्षानुवर्षे धावतात, तेव्हा त्याच घ्याव्यात, असे म्हटले जाते. दाखला खरा आहे, पण तो नेमके काय सांगतो हे पाहिले पाहिजे. या गाड्या शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बांधलेल्या असतात, बोलेरोच्या मागच्या बाजूला पाट्यांचे स्प्रिंग असतात, आणि पाटा तुटला तर तो तालुक्याच्या गावी बदलता येतो. एखादा पाटा तुटूनही गाडी हळूहळू चालवत आणता येते. ही ऐपत मोठी आहे. त्याचबरोबर काळीपिवळीचा चालक स्वतः अर्धा मिस्त्री असतो, गाडी रोज चालवत असल्याने तिच्या आवाजातला बदल त्याला आधी कळतो, आणि रस्त्यावर त्याच्या ओळखीचे दुसरे चालक येत-जात असतात. पर्यटकाने तीच गाडी घेतली म्हणून हे तिन्ही आधार त्याच्याकडे येत नाहीत. म्हणजे काळीपिवळीकडून शिकायचे ते गाडीचे नाव नव्हे. त्या वाटेवर कोणत्या गाडीचे सुटे भाग आणि कोणत्या गाडीचे कसब आधीपासून मुरलेले आहे, हे तिच्याकडून शिकता येते.

जंगल सफारीत मारुती जिप्सी अजून दिसते याचेही कारण असेच मिश्र आहे. १९८५ साली आलेली आणि आता उत्पादन थांबलेली ही गाडी वजनाला जेमतेम एक टन आहे, आणि ओल्या काळ्या मातीत वजन हाच शत्रू असतो. दोन टनांहून जड असलेली फॉर्च्युनरसारखी गाडी सामर्थ्याने कितीही मोठी असली तरी बसली की तिला ओढून काढायला ट्रॅक्टर लागतो. २०२३ मध्ये भारतात आलेली जिम्नी त्याच हलकेपणाचा वारसा सांगते, पेट्रोलवर चालते म्हणून काजळीच्या जाळीच्या त्रासातून सुटते, आणि तिच्यात खालच्या गिअरची फोर बाय फोर आहे. सामान आणि पाच माणसे घेऊन लांबच्या प्रवासाला ती अपुरी पडते, हे कबूल केले पाहिजे. थार आणि गुरखा या महाराष्ट्राशी जुने नाते असलेल्या कंपन्यांच्या गाड्या खडतर वाटेला अधिक सज्ज आहेत. गुरखाला पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शिअलला कुलूप घालण्याची सोय मिळते, म्हणजे एक चाक हवेत असतानाही दुसऱ्याला जोर मिळतो. तथापि अमरावती-अकोल्यात ज्या गाडीचा क्लच, वॉटर पंप आणि ब्रेक पॅड त्याच दिवशी दुकानात मिळतात, तिच्यापुढे ही सोय दुसऱ्या क्रमांकाची ठरते. घेणाऱ्याने शोरूमला जाण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात जाऊन या तीन वस्तू मागून पाहाव्यात.

गाडीच्या वयाचा मुद्दा यालाच जोडून येतो. यंत्रांच्या बिघाडांचा आलेख काढला तर तो न्हाणीच्या टबासारखा दिसतो : सुरुवातीला बनावटीतल्या उणिवांमुळे उंच, मधली बरीच वर्षे सपाट आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा उंच. म्हणून नव्याने बाजारात आलेल्या मॉडेलची पहिल्या वर्षातली गाडी, आणि कोणत्याही नव्या गाडीचे पहिले हजारभर किलोमीटर, जंगलासाठी योग्य नव्हेत. तसेच दीड-दोन लाख किलोमीटर झालेली आणि देखभालीच्या नोंदी नसलेली गाडीही नव्हे. तीन-चार वर्षे एका हाती वापरलेली, नोंदी असलेली गाडी या आलेखाच्या सपाट भागात असते आणि स्वस्तही मिळते.

उरलेला भरवसा गाडीबाहेरून आणता येतो. एका गाडीची अडकण्याची शक्यता दहा टक्के धरली तर सोबत निघालेल्या दोन्ही गाड्या एकाच वेळी अडकण्याची शक्यता एक टक्क्यावर येते, आणि कोणत्याही कंपनीची कितीही महाग गाडी एवढी मोठी सुधारणा देऊ शकत नाही. अट एवढीच की दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. एकाच पंपावर भेसळीचे डिझेल भरलेल्या किंवा एकामागोमाग एकाच चिखलात घातलेल्या दोन गाड्यांना हे गणित लागू पडत नाही.

आडवाटेच्या पर्यटकाचा बिघाड त्याच्यापुरता मर्यादित राहत नाही, ही बाब गाडीच्या निवडीत क्वचितच मोजली जाते. मेळघाटातल्या कोरकू गावांकडे जाणारे कित्येक रस्ते एकेरी आहेत, आणि त्यांवर आडवी अडकलेली एक गाडी एसटीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सर्वांना थांबवते. धारणी तालुक्यातल्या बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे कामाला गेले तेव्हा तिथे पोहोचायला सुमारे चाळीस किलोमीटर पायी चालावे लागे; पुढे डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह त्यांनी तिथे केलेल्या कामासाठी दोघांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. आज त्या भागात रस्ते आहेत, आणि बाळंतीण किंवा तापाने फणफणलेले मूल घेऊन एखादी गाडी रात्री त्याच रस्त्यांनी धारणीकडे निघते. तिला वाट मिळणे हे पुष्कळदा शनिवारी शहरातून आलेल्या अनोळखी गाडीच्या होज पाईपवर, बॅटरीवर आणि ती ढकलून बाजूला घेता येते की नाही यावर अवलंबून असते.